बारा कोयते

गंगाखेड,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. पोरी,

तू जूनमध्ये मॉरिशसला चाललीस, हे दादानं फोनवर सांगितलं. विद्यापीठाचा प्रकल्प नाही, सोबत मार्गदर्शक नाही, साठवलेल्या पैशांवर दोन महिने तिथल्या मराठी कुटुंबांत राहून अभ्यास करायचा. ऐकून ऊर भरून आला आणि काळजीही वाटली, म्हणून लिहिते.

आज पहाटे इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रकमध्ये पत्र्याच्या पेट्या, सरपण, एक शेळी आणि गाठोड्यांवर बसलेली लेकरं. तुझ्या वयाची असताना मी अशाच एका टोळीमागं वही घेऊन गेले होते. मुकादमाला विचारलं, किती मजूर? तो म्हणाला, "बारा कोयते." मी लिहिलं, बारा मजूर. उचल, टनामागची मजुरी, सगळा हिशेब आठ दिवस त्याच आकड्यावर मांडला. मग एका बाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन् आमी कुठं गेलो?" कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणाऱ्या बारा बायका माझ्या वहीतून गळाल्या होत्या.

हे आपल्याच तालुक्यात, आपल्याच भाषेत झालं. मॉरिशसला तर 'मराठी' या शब्दालाच आधी हात जोडून विचारावं लागेल. स्वतःला मराठी म्हणवणारं घर आपसांत क्रिओल बोलत असेल. पूर्वजाचं नावच आडनाव होऊन बसलेलं असेल, तेही फ्रेंच वळणानं लिहिलेलं. त्यांचं मराठी शुद्ध आहे का, गणपती आपल्यासारखा बसवतात का, हे तपासायला जाऊ नकोस. पहिले आठ दिवस प्रश्नावली पिशवीतच राहू दे. भाजी निवड, लेकरं सांभाळ, आजीबाईसोबत देवळात जा. कोण कोणाला काय म्हणतं, ते कानावर पडू दे.

पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. 1834 पासून ऊसमळ्यांसाठी करारानं नेलेले मजूर त्या बंदरात उतरले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. मळेवाल्यांच्या सोयीसाठी का होईना, त्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनांनी बाईला स्वतःचा क्रमांक दिला. हे वाचलं तेव्हा मला माझी वही आठवली होती. तिथं जाण्यासाठी संस्थेला आत्ताच पत्र टाक. पर्यटक व्हिसावर असं काम चालतं का, हेही लेखी विचारून घे. एकट्या मुलीला ऐन वेळी कोणी वाली नसतो.

मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे 1928 च्या सुमारास बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे गुरू ओयगेन फिशर हे वंशश्रेष्ठता मानणारे. त्यांनी कवट्या मोजायला दिल्या. गोऱ्यांची कवटी वेगळी निघेल, असा त्यांचा अंदाज होता. बाईंनी मोजलं, तसं काही दिसलं नाही, आणि प्रबंधात तसंच लिहिलं. परमुलखात, गुरूच्या तोंडावर! तुझ्या डोक्यावर गुरू नसला तरी मनात अंदाज आहेतच. 'आपली माणसं आपल्यासाठी झुरत असतील' हा त्यातला सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा.

रोज रात्री झोपण्याआधी लिही. पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुला वाटलेलं वेगवेगळ्या पानांवर ठेव. कोणी "हे लिहू नको" म्हटलं तर लिहू नकोस, मग ते कितीही मोलाचं असो. नावं बदल. आणि परत आल्यावर जे लिहिशील, ते त्या घरांना पाठव, त्यांना वाचता येईल अशा भाषेत.

मॉरिशसला निघण्याआधी संक्रांतीला आठ दिवस इकडं ये. टोळ्या उसाच्या फडावर असतील, त्यांच्या कोप्यांवर तुला मी घेऊन जाईन. वही घरी ठेव. जाड पांघरूण मात्र आण, पहाटे फडावर हुडहुडी भरते.

तुझी,
आत्या