चेंडू आधीच निघून गेलेला असतो

सकाळी लवकर गोल्फच्या रेंजवर या. मॅटवर अजून ऊन उतरलेलं नसतं. समोरच्या गवतावर दव असतं आणि शंभर-दीडशे यार्डांच्या पाट्यांमधून एखादी टिटवी ओरडत तुरुतुरु पळत असते. चेंडूंची बादली घ्या, पण लगेच मारायला लागू नका. बादली खाली ठेवा आणि थोडा वेळ नुसतं उभं राहा.

आता एक चेंडू हातात घ्या. रेंजचा चेंडू म्हणजे कितीतरी जणांनी मारलेला, पट्टा पुसट झालेला. आकाराने लिंबाएवढा. नियमाप्रमाणे गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसतं. त्याच्या खळग्यांवरून अंगठा सावकाश फिरवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडमध्ये गटापर्चा या झाडाच्या चिकाचे चेंडू आले, तेव्हा ते गुळगुळीत होते. नवा कोरा चेंडू हवेत फार टिकत नसे. खेळून खेळून ओरखडे पडलेला मात्र लांब जाई. हे ध्यानात आल्यावर लोक नव्या चेंडूंवर हातोडीने खुणा पाडू लागले. आजचे खळगे त्याच वाटेने आले. तुमच्या अंगठ्याखाली त्या लोकांची बारीक नजर आहे. तिच्यापाशी जरा थांबा.

सेव्हन आयर्न हा क्लब घ्या. मूठ किती घट्ट आहे ते पाहा. बहुतेकांची गरजेपेक्षा घट्टच असते. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात आपण कसा धरतो? निसटू नये इतका घट्ट, दुखू नये इतका सैल. तसं धरा. मग जबडा सैल सोडा, खांदे खाली येऊ द्या. श्वास आत घ्या, बाहेर सोडा. तो पुरता बाहेर गेला की क्लब मागे न्या.

आणि मारा.

क्लब आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच टिकते. हाताला बसलेल्या धक्क्याची बातमी मेंदूपर्यंत पोचायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ‘लागला!’ असं आपल्याला कळतं तेव्हा चेंडू मॅटवरून कधीच उडालेला असतो. मला या गोष्टीचं फार आश्चर्य वाटतं. ज्या क्षणासाठी आपण पहाटे उठून इथे येतो, तो क्षण आपल्याला जगता येत नाही, फक्त आठवता येतो. नेमक्या त्या क्षणी काही सुधारायला जागाच नसते. जागा असते ती आधी: मुठीत, पावलांत, श्वासात. आणि नंतर, ऐकण्यात.

म्हणून ऐका. चेंडू कुठे गेला हे पाहायची ओढ प्रत्येकाला असते. पण रेंजवर डोळ्यांपेक्षा कान जास्त खरे. मॅट आपल्याला फार सांभाळून घेते. क्लब चेंडूच्या इंचभर आधी टेकला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो, आणि चेंडू बरा उडतो. खऱ्या गवतावर तोच क्लब मातीत रुतला असता. डोळ्यांना शॉट चांगला दिसला, तरी आवाज दबका आलेला असतो. नीट बसलेल्या फटक्याचा आवाज स्वच्छ, कोरडा असतो: टक्. एकदा ओळखला की विसरत नाही.

एखादा शॉट बिघडेल. चेंडू टॉप होऊन गवतातून सरपटत जाईल. नेमकं त्या वेळी काय होतं तेही पाहा. पहिला चेंडू थांबायच्या आत आपण पुढचा क्लबनेच ओढून घेतो. हात तापलेले असतात, मूठ पुन्हा आवळलेली असते. तसं करू नका. वाका. बादलीतला चेंडू हाताने उचला, हाताने ठेवा. एवढ्या वाकण्यात आधीचा शॉट बराचसा गळून जातो. पन्नास चेंडूंच्या बादलीत पन्नास वेळा वाकायचं, यात कमीपणा नाही. उलट माझ्या मते खरा सराव तोच.

बादली तळाशी येईल. दव सुकलेलं असेल, शेजारच्या मॅटवर कुणी तरी ड्रायव्हर काढला असेल. शेवटचा चेंडू ठेवा. मागेपुढे कुणी नाही याची खात्री करा. आता डोळे मिटा आणि अर्ध्याच स्विंगने, अगदी हलक्या हाताने मारा.

डोळे लगेच उघडू नका. आवाज कसा आला, ते आधी आठवा.