न गायिलेल्या गाण्यांचा शोक

अल्पवयात निवर्तलेल्या गुणी मुलाविषयी बोलताना आपण बहुधा एकच वाक्य उच्चारतो: ‘जगता तर केवढा मोठा झाला असता!’ या वाक्यात जिव्हाळा आहे, यात शंका नाही. परंतु हा शोक आपण नेमका कोणासाठी करतो, हा प्रश्न अलीकडे माझा पिच्छा सोडीत नाही.

तो मला प्रथम पडला मास्टर मदनच्या गझला ऐकताना. २८ डिसेंबर १९२७ रोजी पंजाबातील जालंधर जिल्ह्यातल्या खानखाना या गावी हा मुलगा जन्मला. साडेतीन वर्षांचा असताना धरमपूरच्या आरोग्यधामात तो प्रथम लोकांपुढे गायिला, असे सांगतात. पुढे मैफली झाल्या, दिल्लीच्या रेडिओवर गाणे झाले, कीर्ती उत्तरेत सर्वत्र पसरली. आणि ५ जून १९४२ रोजी सिमल्यास तो वारला, तेव्हा त्याला पंधरावे वर्ष चालू होते. त्याची आठच ध्वनिमुद्रिते आज आपणांस ठाऊक आहेत. त्यांपैकी सागर निजामी यांच्या दोन गझला, पंडित अमरनाथ यांनी चाली दिलेल्या, सर्वांत प्रसिद्ध आहेत. त्या आवाजात बाललीला नाही आणि मोठेपणाचा आवही नाही. शब्द जेथे थांबावयास हवा, तेथे तो थांबतो.

त्याच्या मृत्यूविषयी दुधातून विषप्रयोग झाल्याची वदंता अद्याप सांगितली जाते. तिच्यामागे पुरावा म्हणण्यासारखे काही मला आढळले नाही. तरीही ती का टिकते, हे वकिलाला उमगते. आपले काही हिरावले गेले असे ज्याला वाटते, तो प्रथम आरोपी शोधू लागतो.

या ‘आपले’ शब्दाचा हिशेब आमच्या कायद्यात स्पष्ट आहे. प्राणांतिक अपघातांसंबंधीचा १८५५ चा कायदा मुख्यतः एवढेच विचारतो, की मृताच्या जाण्याने मागे राहिलेल्यांचे किती नुकसान झाले. १९९४ साली मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत, मिळकत नसलेल्या व्यक्तीचे कल्पित उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले होते. पुढे २०१८ मध्ये ती अनुसूची बदलली. पण कल्पना तीच. मी स्वतः असे दावे चालविले आहेत. एका दाव्यात मुलगा सोळा वर्षांचा होता, पेटी चांगली वाजवी. त्याच्या आईला मी साक्षीत विचारले, ‘पुढे तो काय होणार होता?’ भरपाईचा आकडा वाढावा, हा माझा हेतू. ती म्हणाली, ‘पुढचं मला काय ठाऊक, वकीलसाहेब? तो घरात असला की घर जागं असायचं.’ न्यायालयाच्या दृष्टीने ते उत्तर निरुपयोगी होते. मला मात्र त्या दिवशी माझा प्रश्न हीन वाटला.

मास्टर मदनविषयी आपणही तोच दावा लावीत असतो. जणू त्याचे गाणे ही आपल्या नावाची हुंडी होती आणि ती वटण्यापूर्वीच पेढी बुडाली! परंतु भविष्यकाळ हा पुरावा नव्हे. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली लहानपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी. तो चौदाव्या वर्षी गेला असता, तर आपण एका विलक्षण अनुकरणाची आठवण जपली असती. क्षयाने वर्षानुवर्षे गाणे बंद पाडल्यावर देवासला त्याच्या ठायी जो कुमार गंधर्व प्रकटला, त्याची कल्पना त्या बालगायकावरून कोणी केली असती? उलट, बालपणी गाजून पुढे निस्तेज झालेले गळेही आपण पाहिलेच आहेत. मदन यांपैकी कोणत्या वाटेने गेला असता, हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

येथे कोणी विचारील, मग हळहळूच नये काय? अवश्य हळहळावे, पण दावा त्याच्या नावाने चालवावा, आपल्या नव्हे. त्याने गमावले ते केवळ गाणे नव्हते. आवाज फुटण्याचे ते अवघडलेले वय, मित्रांशी भांडणे, रिकामी दुपार, आणि एखादे दिवशी ‘मला आज गावयाचे नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य, हेही सारे त्याचे होते. आपण त्याची न गायिलेली गाणी मोजतो; त्याच्या न जगलेल्या दिवसांची मोजदाद कोणी केली नाही.

हा भेद मृतांपुरता असता, तर मी एवढे लिहिले नसते. आज आपल्या घरांतून गोड गळ्याची मुले आहेत. त्यांच्याकडे पाहताना आपल्या डोळ्यांत कौतुक असते, तशी वसुलीही असते. जिवंत मुलाला हुंडी समजणारा माणूस त्याच्या मृत्यूनंतर त्याचे खरे स्मरण करू शकेल, असे मला वाटत नाही.

म्हणून आता त्या गझला लावल्या, की पुढे काय झाले असते हा प्रश्न मी विचारीत नाही. साधारण तीन मिनिटांचे ते गाणे कोठेही अपुरे नाही. एका मुलाने ते त्या दिवशी पूर्ण गायिले होते.