मनुष्यऋणाची तिथी

मुंबई-गोवा महामार्ग महाडच्या नातेखिंडीपाशी सोडून रायगडाच्या पायथ्याकडे, पाचाडच्या दिशेने, जाऊ लागले म्हणजे वाटेत नाते लागते. भाद्रपद जवळ आला की या गावात, आसपासच्या वाड्यांत आणि पलीकडे पोलादपूरच्या डोंगराळ खेड्यांत, वर्षातील बहुतेक महिने कुलुपात राहणारी घरे उघडू लागतात. मुंबई, ठाणे, पुणे, सुरत येथे पोटापाण्यासाठी विखुरलेली भावंडे एस.टी.च्या जादा गाड्यांनी किंवा मिळेल त्या वाहनाने येऊन पोचतात. आणि एरवी दोन वृद्ध माणसांच्या चाहुलीपुरते जागे असणारे घर, गणपतीसमोर टाळ-मृदंगाच्या घोषात उभ्या राहिलेल्या तीन पिढ्यांनी भरून जाते. ‘वर्षभर त्यानेच सांभाळले’ हे वाक्य त्या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघतेच, आणि ते मनापासून निघते. ते असत्य आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि ते पुरे करण्याचे काम कुटुंबाने एकत्र बसूनच केले पाहिजे, हे आमचे प्रतिपादन आहे.

आपल्या प्राचीन विचारवंतांनी कृतज्ञतेची गणना मनोविकारांत न करता देण्यांत केली. तैत्तिरीय संहितेने सांगितले की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, आणि ब्रह्मचर्याने ऋषींचे, यज्ञाने देवांचे व संततीने पितरांचे ऋण त्याने फेडावे. शतपथ ब्राह्मणाने हा विचार दोन अंगांनी विस्तारला. एक तर, जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी म्हणूनच जन्मतो, असे म्हणून त्याने ऋणाचे क्षेत्र एका वर्णापुरते ठेवले नाही. आणि दुसरे, देव, ऋषी व पितर यांच्या जोडीस त्याने चौथे ऋण मांडले, ते मनुष्यांचे, जे अन्न देऊन व आश्रय देऊन फेडावयाचे असते. पुढे गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने, जे मिळाले त्यातून परत काही न देता उपभोग घेणारास सरळ चोर ठरविले. या विचारसरणीतील शहाणपण असे की, मनाची उचंबळ येते व ओसरते, परंतु देणे हे मनःस्थितीवर अवलंबून नसते. ज्या दिवशी आपणांस कोणाविषयी काहीच वाटत नाही त्या दिवशीही ते देणे आपल्या नावावर कायम असते.

हा ऋणविचार ग्रंथांत राहिला असता तर पंडितांपुरता उरला असता; परंतु तो पंचांगात उतरला आणि घराघरांत पोचला. भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून कार्तिक शुद्ध द्वितीयेपर्यंतचा, म्हणजे गणपतीपासून भाऊबिजेपर्यंतचा, जो सुमारे दोन महिन्यांचा काळ, तो या दृष्टीने पाहिला तर ऋणांची एक क्रमवार फेड आहे, असे दिसून येईल. प्रथम देव येतो. त्याच्यापाठोपाठ गौर येते, आणि ती कोकणात कित्येक घरी रानातल्या तेरड्याच्या रोपांच्या रूपाने येते, म्हणजे पावसाने जे उगवले त्याचीच पूजा होते. नंतरच्या पंधरवड्यात पितर येतात, आणि त्यांच्यासाठी वाढलेल्या पानातला घास कावळ्यास मिळतो. नवरात्रात व दसऱ्यास ग्रंथ, शस्त्रे आणि नांगर-कोयत्यापासून गाडी-यंत्रापर्यंत ज्या ज्या साधनाने पोट भरले त्या साधनास हळदकुंकू लागते. आश्विन पौर्णिमेस नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह व फुलांसह बांधून दारावर लावल्या जातात आणि नवे अन्न प्रथम देवापुढे ठेवून मग खाल्ले जाते. वसुबारसेस गाय-वासराची पाळी येते. एवढी विस्तृत आणि एवढी तपशीलवार कृतज्ञता ज्या समाजाने आपल्या दिनक्रमात गुंफली, त्याच्यावर कृतघ्नतेचा आरोप सहजासहजी करता येणार नाही.

परंतु या सुंदर क्रमात एक जागा जवळजवळ रिकामी राहिली आहे. देवास तिथी आहे, पितरास आहे, कोयत्यास आहे, गाईस आहे. शतपथाने ज्याचा निर्देश केला त्या मनुष्यऋणास मात्र स्वतःची अशी तिथी नाही. भाऊबीज व रक्षाबंधन ही भावाबहिणींची आहेत, गुरुपौर्णिमा गुरूची आहे. पण ज्या वहिनीने पहाटे उठून उकड काढली, नारळ खवले आणि साऱ्या घराचे मोदक वळून स्वतः सर्वांच्या शेवटी पानावर बसली, तिची तिथी कोणती? जो भाऊ शहरात गेला नाही, गावीच राहिला, आईबापांची दुखणी-बाणी काढली, लावणी-कापणी केली आणि तलाठ्याच्या कचेरीत साऱ्यांच्या वतीने खेटे घातले, त्याच्या नावे कोणता नैवेद्य? आणि याच्या उलट, ज्या भावाने गिरणीत रात्रपाळ्या करून, दहा-बाराजणांच्या खोलीत अंग टाकून, दरमहा मनिऑर्डरीने या घराची कौले फेरली, त्याच्याजवळ ती गोष्ट कधी कोणी बोलून दाखविली? कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून ज्यास आपण रायगड जिल्हा म्हणतो त्यातील, असंख्य कुटुंबे या दोन भावांच्या मुकाट्याने चाललेल्या भागीदारीवर उभी राहिली. आणि त्यांतील कित्येक घरांत पुढे जे वाटणीचे दावे उभे राहिले, त्यांच्या मुळाशी जमिनीच्या गुंठ्यांइतकीच ही न बोललेली बाकी होती.

यावर आक्षेप येईल, आणि तो आपल्या संस्कृतीच्या अंतरंगातून येणारा असल्यामुळे हलका लेखता येणार नाही, की घरच्या माणसांचे आभार कसले मानावयाचे? आभार हे परक्याचे मानतात. आपल्या माणसाचे मानले तर त्यास परके केल्यासारखे होते. या आक्षेपात सत्याचा मोठा अंश आहे, कारण प्रेमाच्या व्यवहारात पावती मागणे अभद्रच. तथापि मौनाने एकमेकांस समजून घेण्याची ही रीत दोन्ही बाजूंचे श्रम तुल्य असतात तोवरच शोभते. जेथे एकाच बाजूने वर्षानुवर्षे करावयाचे आणि दुसऱ्या बाजूने ते गृहीत धरावयाचे, तेथे ‘आपल्यात आभार कसले’ हे वाक्य गृहीत धरणाराच्याच तोंडी नेमके का येते, याचा विचार करावा. नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. १८९६ च्या संक्रांतीच्या सुमारास येथे जन्मलेला हा पुरुष १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि पुढे देशाचा अर्थमंत्री म्हणून सबंध राष्ट्राचा जमाखर्च त्याने सांभाळला. तेव्हा आपले देणे स्पष्ट शब्दांत कबूल करण्यात काही कमीपणा आहे, असे निदान या गावात तरी कोणी मानू नये.

कृतज्ञता व्यक्त करावी हे म्हणताना ती कोणी व्यक्त करावी, हा प्रश्न मात्र डोळ्यांआड करून चालणार नाही. या भागात खोती होती. सरकारसारा वसूल करून देणारा खोत कुळाकडून पिकाचा मोठा हिस्सा घेई, वेठीस माणसे बोलावी, आणि वर कुळाने आपणांस अन्नदाता मानावे अशी अपेक्षाही ठेवी. वास्तविक अन्न पिकविणारा कोण होता हे शेताच्या बांधास विचारले असते तरी कळले असते. याच जिल्ह्यात, अलिबागेकडील चरी येथे, शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. आणि १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. या इतिहासाचा बोध असा की, वरच्याने खालच्याकडून मागून घेतलेली कृतज्ञता ही महसुलाचाच एक प्रकार असते. घरातही हाच न्याय लागू आहे. ‘आम्ही तुमच्यासाठी एवढे केले, त्याची जाणीव ठेवा’ असे मुलांस बजावणारा पिता ती जाणीव वसूल करीत असतो, निर्माण करीत नसतो.

आणि याहूनही कठोर बोध महाडच्या चवदार तळ्याने दिला आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या जातींस खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून ठराव केला होता. आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा त्यांच्यावर लाठ्या पडल्या, मागाहून पंचगव्याचे घट ओतून तळ्याची शुद्धी करण्यात आली, आणि न्यायालयातील निकालास १९३७ साल उजाडले. तळ्याची शुद्धी करणारी ही माणसे नास्तिक नव्हती. त्यांच्या घरी गणपती बसत असे, पितरांस पाणी मिळत असे, गाईस घास मिळत असे, कावळ्यासही मिळत असे. ज्याच्या श्रमावर गावाची स्वच्छता, चौकी-पहारा आणि निरोपा-निरोपी चालत असे त्या माणसास मात्र पाण्याची ओंजळ मिळत नव्हती. देवऋण वेळच्या वेळी फेडणारा समाज मनुष्यऋण संपूर्ण बुडवू शकतो, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधावयास महाड तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही. बाहेर गेले तरी चित्र तेच दिसते. अमेरिकेत लिंकनने १८६३ मध्ये ऐन यादवी युद्धात राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला, आणि तेव्हापासून नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी तेथील कुटुंबे, आता तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही, एका पंगतीस बसतात. परंतु त्याच दिवशी, १९७० पासून, प्लिमथ येथे त्या भूमीचे मूळ रहिवासी जमून शोकदिन पाळतात. ज्या पंगतीतून कोणास उठविलेले असते त्या पंगतीची प्रार्थना अर्धीच राहते.

आता प्रश्न राहिला तो आपत्तीचा. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या; २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर खाली आला, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्याच पावसात महाडच्या बाजारपेठेत सावित्रीचे पाणी शिरून उभा संसार चिखल झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० सप्टेंबरला, गणेशचतुर्थी आली. ‘देवाने वाचविले’ असे त्या वर्षी जे वाचले ते म्हणाले असतील, आणि ते म्हणण्याचा त्यांस अधिकार आहे; परंतु तत्त्वविचाराने येथे क्षणभर थांबले पाहिजे. देवाने यास वाचविले असे म्हटले की पलीकडच्या घरास का वाचविले नाही, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे कोणतेही उत्तर मृतांचा अपमान केल्यावाचून देता येत नाही. म्हणून आमच्या मते, आपण वाचलो यावरून आपल्यावरील ईश्वरी कृपेचा सिद्धान्त काढू नये. आपल्यावरील देणे वाढले, एवढेच अनुमान काढावे. चिखल उपसण्यास जे परगावांहून आले, ज्यांनी भाकऱ्या बांधून पाठविल्या, ज्यांनी ढिगारे उकरले, त्या माणसांचे हे देणे आहे, आणि पुढच्या पावसात दुसऱ्या कोणाच्या दारात उभे राहूनच ते फिटावयाचे आहे.

महाडजवळच गांधारपाल्याच्या टेकडीवर बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी आहेत. त्या भिक्षूंच्या परंपरेतील अंगुत्तर निकायात बुद्धाने दोन माणसे जगात दुर्मिळ म्हणून सांगितली आहेत: आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि केलेला उपकार जाणून तो फेडणारा. दुर्मिळ म्हटले याचाच अर्थ हा गुण आपोआप येत नाही. त्यास सवय लागते, आणि सवय लावण्याची जागा कुटुंब ही होय.

ती कशी लावावी याविषयी आमची सूचना साधी आहे. गणपती दीड दिवसाचा असो, पाच दिवसांचा असो की गौरीबरोबर जाणारा असो, विसर्जनापूर्वीच्या एका संध्याकाळी, आरती झाल्यावर, सर्वांनी तेथेच बसावे. आरंभ घरातील सर्वांत वडील माणसाने करावा, म्हणजे धाकट्यांवर सक्ती झाल्यासारखे वाटणार नाही, आणि त्याने आपले देणे आपल्याहून लहान असलेल्या कोणाचे तरी सांगावे. ‘सगळ्यांनी खूप केले’ असे मोघम बोलू नये. ‘आषाढात मला ताप होता तेव्हा धाकट्या सुनेने सारी रात्र बसून काढली’ असे, नाव आणि काम दोन्ही घेऊन, बोलावे. सात-बाराच्या उताऱ्यावर मालकांच्या नावांखेरीज इतर हक्कांचा एक रकाना असतो आणि जमिनीचे खरे वर्तमान कित्येकदा त्या रकान्यातच सापडते. तसाच एक रकाना घराच्याही आठवणीत असावा, आणि त्यात गुरे राखणारा, लावणीस येणारी कातकरी बाई, आजोळचा मामा, एस.टी.चा वाहक, अशी घराबाहेरची नावेही घेतली जावीत. ज्याच्याविषयी बोलले गेले त्याने उत्तर देण्याची गरज नाही, आणि ज्यास काही सुचले नाही त्यास कोणी टोकू नये. शेवटी मात्र प्रत्येकाने बोललेल्यांपैकी एक देणे, कितीही लहान असो, कृतीने फेडावे: एखाद्या दिवशी मोदक पुरुषांनी वळून बायकांना आधी पानावर बसवावे, कोणा मजुराची राहिलेली मजुरी मूर्ती उठण्यापूर्वी चुकती करावी.

यात उपचार शिरेल, चार वर्षांनी मुले पाठ केलेली वाक्ये म्हणतील, ही भीती खोटी नाही. पण आरतीही कित्येकदा मन अन्यत्र ठेवूनच म्हटली जाते, आणि म्हणून आपण आरती सोडलेली नाही. कारण ज्या वर्षी मन खरोखर भरून येते त्या वर्षी शब्द शोधत बसावे लागत नाही, ते तयार असतात. देवऋणासाठी आपण जी चिकाटी दाखविली ती मनुष्यऋणासाठी दाखविणे अवघड नाही. शास्त्राने मनुष्यऋण सांगितले, पंचांगाने त्यास तिथी दिली नाही. ती उणीव भरून काढण्यास कोणा धर्मपीठाची परवानगी लागत नाही. येत्या भाद्रपदात जे कुटुंब एकत्र येईल, त्याने ती तिथी आपल्या घरापुरती ठरवावी, आणि ज्याचे देणे सर्वांत अधिक दिवस थकले आहे त्याच्या नावापासून आरंभ करावा.