ओळखीची खूण

ओसीआय कार्डाचा अर्ज आपल्यापैकी बहुतेकांनी मुलांसाठी कधी ना कधी भरला असेल. नाव, जन्मगाव, आईवडिलांचे पासपोर्ट वगैरे झालं की त्यात एक रकाना येतो : शरीरावरची दिसणारी ओळखखूण. मग मुलाला दिव्याखाली उभं करून तीळ शोधायचा. तीळ सापडला नाही तर हनुवटीवरचा, गुडघ्यावरचा जुना व्रण कामी येतो. म्हणजे सरकारदरबारी जी खूण माणूस ओळखायला उपयोगी, तीच घरी आपण हळद, कोरफड आणि केशराचं तेल लावून घालवायला बघतो. या विसंगतीवर मी गेली दोन वर्षं विचार करतो आहे, आणि त्याला घरचंच कारण आहे.

माझ्या मुलीच्या छातीवर मधोमध एक उभी रेघ आहे. ती आठ महिन्यांची असताना हृदयातलं छिद्र बुजवण्याची शस्त्रक्रिया झाली, तिची ही खूण. आज मुलगी पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या संघातून पोहते. रेघही तिच्याबरोबर वाढली. वरच्या टोकाला जाड आणि उंचावलेली, खाली फिकट होत गेलेली. दोन वर्षांपूर्वी माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा तिच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणीबरोबर ओळखीच्या वैद्यांनी दिलेली तेलाची बाटली होती. "रोज रात्री चोळायचं. वर्षभरात नावनिशाणी राहणार नाही. पोरीची जात आहे, उद्या..." हे वाक्य आईने पुरं केलं नाही, पण कळलं सगळ्यांना. मुलीलासुद्धा, तिचं मराठी तोडकंमोडकं असलं तरी. ती शांतपणे म्हणाली, "पण आजी, मला ती घालवायची आहे का, हे तू विचारलंच नाहीस."

आता माझा पेशा सॉफ्टवेअरचा. कुठलीही प्रणाली हातात आली की आधी तिची मूळ पुस्तिका वाचायची, मग तिच्याबद्दल मत द्यायचं, ही आमची सवय. आयुर्वेदात व्रणाबद्दल नेमकं काय म्हटलं आहे ते वाचावं म्हणून मी सुश्रुतसंहितेचं भाषांतर मिळवलं.

चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात सुश्रुत जखमेचे साठ उपक्रम सांगतो. धुणं, शिवणं, बांधणं, लेप लावणं हे तर आहेच. पण यादीच्या उत्तरार्धात जखम भरत आल्यावरच्या आणि भरून गेल्यावरच्या गोष्टी येतात. खोल राहिलेला भाग वर आणायचा, उंचावलेला खाली बसवायचा, कठीण झालेला मऊ करायचा, केस गेले असतील तर ते परत आणायचे. काळा पडलेला व्रण पांढरा करायचा ते पांडुकर्म, आणि पांढरा पडलेला काळा करायचा ते कृष्णकर्म. या कृष्णकर्मात बिब्ब्याचं तेल आणि जनावरांच्या खुरांची राख वापरायला सांगितली आहे. ज्या बिब्ब्याने धोबी कपड्यांवर कधीही न जाणारी खूण करायचे, तोच बिब्बा इथे खूण लपवायला! (कृपा करून कोणी घरी करून बघू नये. बिब्बा कातडीला लागला तर फोड येतात, आणि भलत्याच ठिकाणी बिब्बा घातल्यासारखं होईल.)

या कृष्णकर्मापाशी मी बराच वेळ थांबलो. गोरं करणं हेच ध्येय असतं तर काळं करण्याचा विधी कशाला हवा होता? सुश्रुताच्या लेखी नीट भरलेली जखम म्हणजे जिथे सूज नाही, वेदना नाही, गाठ नाही, जी आजूबाजूच्या त्वचेशी समपातळीत आणि त्याच त्वचेच्या रंगाची आहे. ज्याचा रंग सावळा त्याचा व्रणही सावळा व्हावा, एवढीच अपेक्षा. जुने ग्रंथ याबाबतीत अगदी निष्पाप आहेत असं मी म्हणणार नाही. चेहरा उजळण्याचे लेप त्यांतही आहेत. पण व्रणाच्या प्रकरणात तरी मोजमाप ज्याचं त्याच्याच त्वचेवरून घेतलं आहे. आज दुकानात 'आयुर्वेदिक' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवर डाग, व्रण आणि 'उजळ कांती' एकाच ओळीत छापलेलं असतं. केशर, चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध घातलेलं कुंकुमादी तेल मुळात चेहऱ्यावरच्या वांगासारख्या तक्रारींसाठीचं. ते आता ऑपरेशनच्या व्रणापासून लग्नाआधीच्या तयारीपर्यंत सगळ्याला चालतं. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातला 'फेअर' काढला, आपल्या बोलण्यातला मात्र निघायचा आहे.

आणखी एक गोष्ट सापडली, ती सूत्रस्थानात. 'व्रण' या शब्दाचीच फोड सुश्रुत करतो. जखम भरून आली तरी तिची खूण देह असेपर्यंत नाहीशी होत नाही, ती देहाला व्यापून राहते, म्हणून त्याला व्रण म्हणायचं. ज्याने खूण बुजवण्याचे इतके उपाय लिहिले, त्यानेच ती जात नाही हेही लिहून ठेवलं. मला यात विरोध दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. रंग जुळवता येईल, ताठपणा कमी करता येईल. 'नावनिशाणी राहणार नाही' हे आश्वासन मात्र त्याचं नाही. गंमत म्हणजे संस्कृतात व्रण म्हणजे जखम, पण मराठीत आपण तो शब्द बहुधा मागे उरणाऱ्या खुणेसाठीच वापरतो. त्याचाच झिजून 'वण' झाला.

आजचं विज्ञानही फार वेगळं सांगत नाही. व्रणाची ऊती मूळ त्वचेसारखी होत नाही. तिच्यात घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं परत येत नाहीत, आणि तिची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही. मात्र पहिलं वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, ती आपणहून बदलत असते. लाली ओसरते, ताठपणा उतरतो. म्हणजे त्या वर्षात तुम्ही काहीही लावलं तरी 'गुण आला' असं वाटणार! अनेक घरगुती उपायांची कीर्ती या वर्षावर उभी आहे असा मला संशय आहे. आणि पोटात घ्यायची औषधं असतील तर जास्तच सावध राहावं. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास २००४ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता.

मग व्रणावर काही करूच नये का? असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याचा व्रण सदऱ्याखाली झाकला जातो त्याला. इथे मला त्या मराठी गाडीवानाची आठवण होते, ज्याचं नाव इंग्रजी कागदांत कावसजी असं आलं आहे. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून जास्त काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ एका वीट पाडणाऱ्या कारागिराने कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली, आणि पुढे १८१४ साली जोसेफ कार्पू या शल्यविशारदाने लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आपल्या भाषेत नाक कापलं जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्या माणसाला रूप नको होतं, चार लोकांत तोंड वर करून जाता यायला हवं होतं. आणि त्यासाठी त्याने काय दिलं? कपाळावर एक नवा व्रण. एक खूण नको म्हणून त्याने दुसरी पत्करली, आणि कुठली बरी हे त्याचं त्याने ठरवलं. त्याला कोणी 'आहे तसं स्वीकार' असा उपदेश केला असता तर तो क्रूरपणा झाला असता.

माझ्या आईचंही असंच. तिच्या आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. त्यावरून तिला आयुष्यभर काय काय ऐकावं लागलं हे आईने लहानपणापासून पाहिलं. त्या बाटलीत हौस नव्हती, भीती होती, आणि ती खऱ्या अनुभवातून आलेली होती. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला; चेहरा बघून माणसाची किंमत करण्याचा रोग गेला असं आई का मानेल?

तरीही मुलीचा प्रश्न उरतोच. आठ महिन्यांच्या बाळाची छाती उघडायला आम्ही तिला न विचारता सही केली. तो अधिकार आम्हाला होता, कारण वाट पाहता येत नव्हती. खूण पुसायला मात्र वाट पाहता येते. जिथे वाट पाहता येते तिथे ज्याचा देह त्याला विचारावं, असं माझं मत झालं आहे. व्रण दुखत असेल, खाजत असेल, ओढ बसत असेल तर वाद न घालता उपचार करावा. केवळ दिसण्याचा प्रश्न असेल तर ज्याला तो व्रण वागवायचा आहे त्याने ठरवावं, आजीने नाही आणि बापानेही नाही.

आमच्याकडे तडजोड मुलीनेच काढली. वरचा जाड भाग फुलपाखरी पोहताना ओढतो, तेवढ्यालाच आजीने तेल चोळायचं; खालच्या रेघेला हात लावायचा नाही. डॉक्टरांना विचारलं, तर भरून आलेल्या व्रणाला मालिश इथेही सांगतात म्हणाले. चारेक महिन्यांत ओढ कमी झाली. गुण तेलाचा की चोळण्याचा, मी सांगू शकत नाही. रंगात काडीचा फरक नाही. पण रोज रात्री वीस मिनिटं दोघी बोलत बसायच्या, आणि मुलीला 'वण', 'ठणका', 'खपली' हे शब्द आता येतात.

माझं हे मत सगळीकडे लागू पडेल याची मात्र खात्री वाटत नाही. आमच्या मंडळातल्या एका जोडप्याचा मुलगा चार वर्षांचा आहे. जन्मतः ओठ दुभंगलेला होता, तो तान्हेपणी शिवला. वरच्या ओठावर बारीक व्रण आहे. खाण्याबोलण्याला काही त्रास नाही. शाळा सुरू होण्याआधी तो आणखी नीट करून घ्यावा का, असं त्यांनी मला विचारलं. वाट पाहावी म्हणावं, तर मधल्या वर्षांत पोरं चिडवतील ते त्याच्या एकट्याच्या वाट्याला येणार. आत्ताच करावं म्हणावं, तर 'तुझ्यात काही खोट आहे' हे त्याला आरशाने सांगण्याआधी आईबापांनीच सांगितल्यासारखं होणार. त्यांना मी आमची सगळी गोष्ट सांगितली, सुश्रुतासकट. ते दोघं बराच वेळ ऐकत होते. तारीख त्यांनी अजून घेतलेली नाही.