अटकेचा फोटो पाहिल्यावर

१९७२च्या नाताळच्या तोंडावर अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात पोलिसांनी सुमारे आठशे दुकानदारांना एक पत्रक वाटलं. पाच पानं, त्यांवर दुकानांत चोऱ्या करणाऱ्यांची म्हणून नावं आणि फोटो. त्यांत स्थानिक वृत्तपत्राचा एक छायाचित्रकारही होता. आदल्या वर्षी त्याला चोरीच्या संशयावरून अटक झाली होती, त्याने आरोप नाकारला होता आणि खटला उभाच राहिला नव्हता. पत्रक फिरल्यावर थोड्याच दिवसांत तो आरोप निकालात निघाला. पण पत्रकाची खबर तोवर त्याच्या साहेबापर्यंत गेली होती. नोकरी वाचली, पुन्हा असल्या भानगडीत दिसू नकोस, अशी समज मात्र मिळाली. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९७६मध्ये हरला. निव्वळ बदनामीपासून राज्यघटना संरक्षण देत नाही, असं बहुमताने ठरलं.

आज ते पत्रक घरोघरच्या मोबाइलमध्ये आहे. फ्लोरिडासारख्या राज्यांत अटकेनंतरचा फोटो, म्हणजे ‘मगशॉट’, सार्वजनिक नोंद मानला जातो. पोलिसांनी कुणाला गुपचूप डांबू नये, म्हणून अशा नोंदी खुल्या असणं गरजेचंच आहे. पण खासगी संकेतस्थळं ते फोटो उचलून इंटरनेटवर टाकतात. २०१८मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एका संकेतस्थळाच्या चालकांवर, फोटो काढून टाकण्यासाठी पैसे उकळल्याबद्दल, खंडणीचे आरोप ठेवले गेले.

हे फोटो नोकरी देणाऱ्यांनाही दिसतात. अमेरिकी कायद्यानुसार नोकरीच्या उमेदवाराच्या पूर्वेतिहासाचा अहवाल पडताळणी कंपनीकडून मागवायचा तर मालकाला त्याची लेखी संमती घ्यावी लागते. अहवालावरून नकार द्यायचा असेल, तर आधी त्याची प्रत उमेदवाराच्या हातात द्यावी लागते. ज्याच्याविषयी ठरवायचं त्याला बोलायची संधी मिळावी, एवढाच त्यातला हेतू. रात्री घरी बसून इंटरनेटवर उमेदवाराचं नाव शोधणारा मालक नेमकी हीच संधी हिरावून घेतो. भिंतीशी उभं केलेला, केस विस्कटलेला, डोळे तारवटलेला माणूस त्याला पडद्यावर दिसतो आणि तो परत फोनच करत नाही. उमेदवाराला कारण कधी कळत नाही, म्हणून त्याला खुलासाही करता येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि फोटो खरा असला तरीही वाटतं.

आपलं तान्हं मूल ज्या बाईच्या हाती सोपवायचं तिची चौकशी आईबापांनी करायलाच हवी. पण ती पुरी करावी. अटक म्हणजे पोलिसांचा संशय. पुढे आरोप मागे घेतला गेला, की माणूस निर्दोष सुटला, की शिक्षा झाली, हे न्यायालयाच्या नोंदीत सापडतं. युटा राज्याने २०२१पासून सर्वसाधारणपणे दोष सिद्ध होईपर्यंत अटकेचे फोटो देणंच थांबवलं आहे.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं-सुना तिकडे घरं भाड्याने देतात, माणसं कामावर ठेवतात. त्यांना एवढं जरूर सांगा: असा फोटो समोर आला तर आधी खटल्याचा निकाल शोधा, आणि नकार देण्यापूर्वी त्या माणसाला विचारा.