ग्रंथाची जागा आणि वाचकाचा हक्क

ज्ञानेश्वरी ग्रंथालयाच्या कोणत्या फळीवर ठेवावी? धर्माच्या, तत्त्वज्ञानाच्या, कीं काव्याच्या? वरवर पाहणारास हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा वाटेल. परंतु प्रत एकाच जागीं राहणार, आणि ती जेथें राहील तेथेंच अनोळखी वाचकाशीं तिची गांठ पडणार. अशा रीतीनें ग्रंथपाल नकळत वाचकाच्या वतीनें निवड करीत असतो. म्हणूनच हा प्रश्न नीतीचाहि आहे.

मेल्व्हिल ड्यूई यांनीं आपली दशांश पद्धति १८७६ सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील ॲमहर्स्ट कॉलेजाच्या ग्रंथसंग्रहासाठीं ती प्रथम योजिली गेली. तिच्या धर्मवर्गांत २२० ते २८९ हे आंकडे बायबल व ख्रिस्ती धर्म यांकडे गेले. इतर सर्व धर्मांची २९० च्या दशकांत दाटी झाली. इंग्रजी वाङ्मयास ८२०, तर मराठीस ८९१.४६! याबद्दल ड्यूईंना दोष देण्याचें कारण नाहीं. समोरच्या वाचकाचें माप घेऊन त्यांनीं अंगरखा शिवला. तो तसाच आपल्या अंगांत चढवावा, हा आग्रह मात्र आपला. पुढील आवृत्त्यांनीं तर स्थानिक धर्मास व वाङ्मयास अग्रस्थान देण्याची मुभाहि ठेविली आहे.

मग प्रत्येक ग्रंथालयानें आपल्या मर्जीप्रमाणें आंकडे फिरवावे काय? येथें सावध राहिलें पाहिजे. ‘स्थानिक वाचक’ हा शब्द मोठा फसवा आहे. ‘आमच्या वाचकांस असेंच रुचतें’ असें म्हणणाराच्या मनांत पुष्कळदां स्वतःसारखेच चार वाचक असतात. जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें १८७३ सालचें पुस्तक इतिहासांत ठेवावें, समाजशास्त्रांत ठेवावें, कीं कोणी फिरकत नाहीं अशा कोपऱ्यांत? तिसरी जागा निवडणारा ग्रंथपालहि स्थानिक गरजेचेंच नांव पुढें करूं शकेल.

यास कसोटी एकच दिसते: नियम बदलल्यानें कोणाची पायपीट वांचली? ज्यास ग्रंथाचें नांव ठाऊक आहे, तो विचारून घेईलच. ज्यास काय विचारावें हेंहि ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं केलेला फेरफार न्याय्य. ग्रंथपालाच्या आवडीनिवडीसाठीं केलेला अन्याय्य. शिवाय प्रत्येक फेरफार कारणासह लिहून ठेवावा, म्हणजे मागून येणारा चांचपडणार नाहीं. फळीवर प्रत एकच राहते हें खरें. पण ग्रंथसूचींत ज्ञानेश्वरीच्या तीन नोंदी करण्यास कोण आड येतें? तेवढे श्रम जो घेईल, त्याच्या ग्रंथालयांत भक्त, पंडित आणि रसिक तिघेहि आपापल्या वाटेनें त्याच ग्रंथापर्यंत पोहोंचतील.