परदेशी शिकलेल्याचे ऋण कोणते?

आपला मुलगा परदेशी शिकायला गेला आणि तेथेच राहिला, तर त्याने समाजाचा द्रोह केला काय? या प्रश्नाचे उत्तर आमच्या बैठकांतून ठरून गेलेले आहे. 'बाबासाहेब परत आले, मग हे का येत नाहीत?' असे कोणीतरी म्हणतो आणि सारे माना डोलावतात. मीही डोलावीत आलो. परंतु गेल्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर एका माऊलीने मला थांबविले, आणि ते ठरलेले उत्तर माझ्या तोंडातच राहिले.

तिचा मुलगा माझा विद्यार्थी. महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांना जी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देते, ती मिळवून तो इंग्लंडला गेला. आता शिक्षण संपत आले आहे. माऊली म्हणाली, "गुरुजी, तो म्हनतो, हितं वर्गात, दुकानात कुनी आडनाव इचारत नाही. मला तर वाटतं उद्याच्या उद्या यावा. पन कशाला बोलवू त्याला? आडनाव सांगायला?"

मी म्हणालो, "मावशी, विचार करून सांगतो." तो विचार येथे मांडीत आहे.

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्युई, सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले, मोठे ग्रंथालय लाभले. त्यांच्या पदव्या तर आपण भाषणांतून तोंडपाठ म्हणतो. पण त्या यादीत न येणारी एक गोष्ट त्यांना तेथे मिळाली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनीच लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्यामुळे आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पार पुसली गेली होती. १९१७ साली ते बडोद्याच्या स्टेशनावर उतरले, 'आता जायचे कोठे, आपल्याला ठेवून कोण घेणार?' हा प्रश्न समोर उभा राहिला, आणि पुसलेली अक्षरे पुन्हा उमटली.

येथे थोडे थांबले पाहिजे. माणूस तोच, विद्या तीच, अंगावरचे कपडेही तेच. न्यूयॉर्कच्या वर्गात जी गोष्ट नव्हती ती बडोद्याच्या स्टेशनावर होती. मग ती त्या माणसाच्या रक्तात होती काय? हाडामांसात होती काय? भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. जे काही आहे ते कारणांमुळे आहे, कारण नाहीसे झाले की कार्यही उरत नाही. वर्षावासात आपण हे ऐकतो, कठीण वाटते म्हणून सोडून देतो. बाबासाहेबांना ते नागपूरच्या दीक्षेच्या एकोणचाळीस वर्षे आधी एका बोटीच्या प्रवासात अंगावर अनुभवायला मिळाले. परदेशगमनाचा खरा लाभ मी हाच समजतो. आपले हीनत्व जन्मजात नाही हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि चार वर्षे तसे जगून पाहणे वेगळे.

अमेरिका म्हणजे काही सुखावती नव्हती. कोलंबियाला लागूनच हार्लेम आहे, आणि त्या देशात काळ्या माणसाची काय गत होती हे जगाला ठाऊक आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहिले, ते दोन्ही दुःखांचे नाते ओळखूनच. तेव्हा परदेशाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही.

आता 'बाबासाहेब परत आले' या वाक्याकडे वळू. कोठे परत आले? शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची होती. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले. एका हिंदू स्नेह्याने व एका ख्रिस्ती स्नेह्याने जागा देण्याचे टाळले. काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. दहा वर्षांचा करार पाळण्याइतकी जागा त्या शहरात निघाली नाही. नुसते शरीराने परत येणे एवढाच परतण्याचा अर्थ घेतला, तर बाबासाहेबांचेही परतणे त्या बागेतच संपले असे म्हणावे लागेल.

माझ्या मते ते त्याआधीच परतले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पंचवीस वर्षांचा मुलगा, जेथे कोणी जात विचारत नाही अशा गावी राहतो, आणि अभ्यासाला घेतो तो जातीची उत्पत्ती! साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेला विद्यार्थी तो प्रश्न इथूनच बरोबर घेऊन गेला होता. परदेशाने त्याला प्रश्न दिला नाही. त्या प्रश्नाकडे निर्भयपणे पाहण्यासाठी अंतर दिले. नाहीतर परदेशी जाणारे पुष्कळ. डॉ. श्री. व्यं. केतकरांनीही अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात शिकत असता जातिसंस्थेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १९०९ साली निघाला. बाबासाहेबांनी त्यांच्या व्याख्येचा मान राखला आणि तिच्यातील दोषही दाखविला. केतकरांनी परत येऊन ज्ञानकोशाचे प्रचंड काम केले. पण त्या विषयाने त्यांच्या आयुष्याचा मार्ग ठरविला नाही. बाबासाहेबांचा ठरविला.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२२ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे १९१६ चा निबंध लिहू पाहणाऱ्या मुलाला त्या नियमाखाली पैसा मिळाला नसता. भारताचा अभ्यास भारतात राहूनच करावा, हा त्यामागचा युक्तिवाद. अंतराचे मोल ज्यांना कळत नाही किंवा फार चांगले कळते, तेच असा नियम करू शकतात.

परदेशी विद्यार्थ्याचा विचार करताना मला चिनी भिक्षू ह्यू-एन-त्संग आठवतो. आपण त्याला प्रवासी म्हणतो, पण मुळात तो विद्यार्थी होता. सातव्या शतकात वाळवंट ओलांडून तो नालंदेला आला, आचार्य शीलभद्रांपाशी शिकला. निघायच्या वेळी नालंदेच्या भिक्षूंनी त्याला आग्रह केला की, ही बुद्धाची भूमी, तुझा देश सीमेपलीकडचा, तेथे कशाला जातोस? त्याच्या चरित्रात त्याचे उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा की, धम्म सर्वत्र पसरावा म्हणूनच सांगितला गेला. तो मिळाल्यावर ज्यांना मिळाला नाही त्यांना विसरून कसे चालेल? ६४५ साली तो सहाशे सत्तावन्न ग्रंथ घेऊन चांगआनला पोहोचला आणि मरेपर्यंत, सुमारे एकोणीस वर्षे, भाषांतर करीत बसला.

पण या दाखल्याचा आधार घेऊन मी त्या माऊलीला 'बोलवून घ्या' म्हणावे काय? ह्यू-एन-त्संगला मायदेशी परतल्यावर बादशहाने सन्मानाने घेतले. आमच्या पोराला मुंबई-पुण्यात खोली भाड्याने घेताना काय विचारले जाते, ते मी वेगळे सांगायला नको. जो समाज परतणाऱ्याला बडोद्यासारखे वागवितो, त्याने 'परत का येत नाही' म्हणून दोष देण्यापूर्वी आरशात पाहावे.

कृतज्ञतेला महामंगल सुत्तात मंगल म्हटले आहे. शिष्यवृत्ती मिळाली ती लोकांच्या पैशातून आणि लढून मिळविलेल्या हक्कातून, तेव्हा ऋण आहेच. माझे म्हणणे एवढेच की, ते ऋण मुक्कामाच्या ठिकाणाने फिटत नाही. जो इथे परत येऊन मोठ्या पदावर बसला आणि वस्तीकडे फिरकला नाही, तोही परतलेला नाही. अशांविषयीच बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला दुःखाने सांगितले की, शिकलेल्यांनी मला दगा दिला. आणि जेथे आडनाव विचारत नाहीत तेथे राहून, इथे का विचारतात याचा जो अखंड शोध घेतो, तो दूर असूनही आपला आहे.

एवढे लिहून ठेवले होते, तोच त्या मुलाचा फोन आला. भाडे वाटून घ्यावे म्हणून तो आपल्याकडच्या तिघांबरोबर राहायला गेला होता. दुसऱ्याच आठवड्यात त्यांपैकी एकाने विचारले, "पूर्ण नाव काय रे तुझं?" नंतर त्यांनी स्वयंपाक वेगळा केला. हिंदू देशाबाहेर गेले तर जात जगाचा प्रश्न होईल, हे केतकरांचे भाकीत बाबासाहेबांनी त्या १९१६ च्या निबंधातच उद्धृत केले होते. २०२३ साली अमेरिकेतील सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. "सर, इंग्रजांनी नाही विचारलं. आपल्यांनी विचारलं," तो म्हणाला.

मी त्याला 'ये' म्हटले नाही, 'राहा'ही म्हटले नाही. जे घडले ते तारखेसह, कोण काय बोलले त्यासह लिहून काढ, एवढे सांगितले. काल त्याची चार पाने आली आहेत. मावशींना ती वाचून दाखवायची की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.